एक डिसेंबर संपल्यावर: नाशिकमध्ये एचआयव्ही आणि लैंगिक आरोग्यासाठी तरुणांचा गट सुरू करताना

जागतिक एड्स दिन १९८८ पासून १ डिसेंबरला पाळला जातो. त्या सकाळी नाशिकमधील अनेक महाविद्यालयांतून फेरी निघते, छातीवर लाल फिती लागतात, शपथ होते, प्राचार्यांसोबत छायाचित्र निघते आणि दुपारी बाराच्या आत सगळे फलक राष्ट्रीय सेवा योजनेच्या खोलीतील कपाटामागे परत जातात. द्वितीय वर्षाला असताना मीही असाच एक फलक धरून चालले होते. फेरी संपल्यावर वर्गातल्या एका मुलाने मला बाजूला घेऊन हळूच विचारले की, ही तपासणी नेमकी कुठे होते आणि तिथे आधार कार्ड मागतात का. माझ्या फलकावर ‘जाणून घ्या, तपासून घ्या’ असे लिहिलेले होते आणि मला त्याच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ठाऊक नव्हती.

त्यानंतरची काही वर्षे मी या कामात आहे. महाविद्यालयात किंवा वस्तीत असा गट सुरू करू पाहणाऱ्यांना आम्ही खाल्लेल्या ठेचा पुन्हा खाव्या लागू नयेत, म्हणून हे पायऱ्यापायऱ्यांनी लिहीत आहे. महाराष्ट्र हे एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींची संख्या देशात सर्वाधिक असलेले राज्य आहे, त्यामुळे हा विषय आपल्या गावचा नाही असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

१. सर्वांत आधी स्वतः तपासणी करून या

गटाचे नाव, बोधचिन्ह, टी-शर्ट हे सगळे नंतर. ज्या वाटेने तुम्ही इतरांना पाठवणार आहात, ती वाट आधी स्वतः चालून पाहा. सरकारी रुग्णालयांत ‘एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्र’ असते, त्याला सगळे आयसीटीसी म्हणतात. नाशिकमध्ये त्र्यंबक रस्त्यावरचे जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपले ‘सिव्हिल’, सगळ्यांना माहीत आहे. महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयांतही चौकशी करा.

तपासणी मोफत असते. आधी समुपदेशक बोलतात, तुमची संमती घेतात, मग रक्त घेतले जाते आणि बहुधा त्याच दिवशी अहवाल मिळतो, तोही पुन्हा समुपदेशकांच्या खोलीतच. पहिल्या चाचणीत संसर्गाचा संकेत आला, तर वेगळ्या तत्त्वांवर चालणाऱ्या आणखी दोन चाचण्या केल्याशिवाय ‘पॉझिटिव्ह’ असा निष्कर्ष देत नाहीत. मला नाव, वय आणि पत्ता विचारला गेला, आधार कार्ड मागितले गेले नाही. बाहेरच्या बाकावर माझ्या दोन्ही बाजूंना गरोदर बायका बसल्या होत्या, कारण गरोदरपणात ही तपासणी नेहमीच्या तपासण्यांबरोबरच केली जाते. त्या बाकावर बसलेल्या प्रत्येकाकडे लोक संशयाने पाहत असतील, ही माझी भीती तिथेच गेली. माझे सर्वांत मोठे अडखळणे तपासणीत नव्हते, ते खोली शोधण्यात होते. दोनदा चुकीच्या रांगेत उभी राहिले आणि तिसऱ्या खिडकीवर मोठ्याने विचारावे लागले. तेव्हापासून आमच्या माहितीपत्रकावर दारापासून खोलीपर्यंतचा हाताने काढलेला नकाशा असतो, आणि माझ्या मते तेच त्या पत्रकातले सर्वांत उपयोगी चित्र आहे.

इथल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, संसर्ग झाल्याझाल्या चाचणीत तो दिसत नाही. मधल्या काळाला ‘विंडो पिरियड’ म्हणतात आणि म्हणून समुपदेशक तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात. दुसरी, फुकटात एचआयव्ही कळेल म्हणून रक्तदान शिबिरात जाणारी मुले मी पाहिली आहेत. विंडो पिरियडमधले रक्त चाचणीतून निसटू शकते आणि ते एखाद्या रुग्णाला चढू शकते, त्यामुळे शंका असलेल्याने रक्तदान करूच नये, हे शिबिराच्या फलकाशेजारीच लिहा. तिसरी, अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या तपासणीसाठी पालकांची संमती लागते. अकरावी-बारावीच्या मुलांना हे न सांगता पाठवले, तर ती दारातून परत येतात आणि पुन्हा जात नाहीत.

२. हाडांचा सापळा कपाटात ठेवा

आमचे पहिले पथनाट्य आम्ही फार मेहनतीने बसवले होते. काळा पोशाख, पांढऱ्या रंगाने काढलेला सापळा, ढोलकीचा ठोका आणि शेवटी ‘एड्स म्हणजे मरण’ अशी आरोळी. पंचवटीतल्या एका चौकात प्रयोग संपला, टाळ्या पडल्या, आणि गर्दी पांगल्यावर एक बाई माझ्याजवळ आल्या. हातात भाजीची पिशवी होती. त्या म्हणाल्या, “बाळा, मी अकरा वर्षं गोळ्या खाते. मुलगी बारावीला आहे माझी. तुमच्या नाटकात तर मी केव्हाच मेले.” एवढे बोलून त्या रिक्षा थांब्याकडे निघून गेल्या. सापळ्याचा पोशाख त्यानंतर आम्ही घातला नाही.

त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. एचआयव्ही हा विषाणू आहे. उपचारांविना प्रतिकारशक्ती फार खालावल्यावर येणाऱ्या अवस्थेला एड्स म्हणतात. एचआयव्हीवर उपचार करणाऱ्या सरकारी एआरटी केंद्रांत १ एप्रिल २००४ पासून औषधे मोफत मिळू लागली, आणि २०१७ पासून निदान होताच, रक्तातील प्रतिकारशक्तीच्या (सीडी४) पेशींचा आकडा घसरण्याची वाट न पाहता, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. रोज नेमाने गोळी घेतल्यावर रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत न सापडण्याइतके खाली येऊन तसेच टिकून राहिले, तर त्या व्यक्तीकडून लैंगिक संबंधातून जोडीदाराला संसर्ग होत नाही. हे शेवटचे वाक्य नाशिकमधल्या किती तरुणांना माहीत आहे, हे तुमच्या वर्गात विचारून पाहा. आमच्या वर्गात चार हात वर आले होते आणि त्यातले दोन फार्मसी सोडून आमच्याकडे आलेल्यांचे होते.

म्हणून लिहिण्याआधी शब्द तपासा. ‘एड्सग्रस्त’, ‘बळी’, ‘रोगी’ हे शब्द काढा आणि ‘एचआयव्हीसह जगणारी व्यक्ती’ असे लिहा; बोलताना त्या स्वतः ‘आम्ही पॉझिटिव्ह’ म्हणत असतील, तर तो त्यांचा अधिकार आहे, आपला नव्हे. ‘निष्पाप बालके’ हा शब्दप्रयोग मला सर्वांत जास्त खटकतो, कारण मुले निष्पाप म्हटली की त्यांचे आईवडील आपोआप पापी ठरतात. शक्य असेल तर संहिता एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्तींच्या एखाद्या संघटनेतील कार्यकर्त्यांना वाचायला द्या, आणि त्यांच्या वेळेचे मानधन द्या. त्यांना मंचावर बसवून ‘तुमची कहाणी सांगा’ म्हणणे हा सहभाग नाही.

३. परवानगी आणि कागदपत्रे

स्वतंत्र संस्था नोंदवण्याच्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. महाविद्यालयात रेड रिबन क्लब, म्हणजे एचआयव्हीविषयी जागृती करणारा विद्यार्थ्यांचा गट असतो. नसेल तर राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांमार्फत तो सुरू करता येतो. जिल्ह्यातले काम ‘जिल्हा एड्स प्रतिबंध व नियंत्रण पथक’ पाहते, ज्याला तोंडी सगळे डापकू म्हणतात, आणि त्याच्या वर महाराष्ट्र राज्य एड्स नियंत्रण संस्था आहे. प्रशिक्षणासाठी वक्ते, माहितीपत्रके आणि आवारातील तपासणी शिबिर यांची मागणी याच वाटेने जाते.

हे सोबत ठेवा:

- प्राचार्यांच्या नावे अर्ज, दोन प्रतींत. एक प्रत आवक-जावक विभागाचा शिक्का मारून ‘पोच’ म्हणून परत घ्यावी
- जबाबदार प्राध्यापकांचे नाव आणि सही. शक्यतो एक बाई आणि एक सर
- सभासदांची यादी, वर्ग आणि वयासह (अठरा पूर्ण झालेले कोण, हे पुढे लागते)
- वर्षाचा साधा आराखडा, एका पानाचा
- डापकूला द्यायचे महाविद्यालयाच्या लेटरहेडवरील पत्र
- आवक-जावकची स्वतःची वही

अर्जात ‘लैंगिक आरोग्य’ हा शब्द गाळून ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असे लिहिण्याचा सल्ला तुम्हाला कोणीतरी प्रेमाने देईल. तो मानू नका. झाकून घेतलेली परवानगी पहिल्या पालकाच्या तक्रारीला कोसळते आणि तेव्हा बाजू घ्यायला कोणी उरत नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र १९२१ मध्ये उघडले, त्याला शंभर वर्षे उलटून गेली. आणि तरीही २००७ मध्ये याच राज्यात शाळांतील किशोरवयीनांच्या लैंगिक शिक्षणाला विरोध होऊन ते थांबवले गेले. विरोध होईल हे धरूनच अर्ज लिहा, विषयाच्या पुढे कारण लिहा आणि कार्यक्रमात कोण, काय, किती वेळ बोलणार हे जोडा. आमच्या प्राचार्यांनी दोन आठवडे अर्ज टेबलावर ठेवला आणि शेवटी एकच प्रश्न विचारला, मुली आणि मुलगे एकत्र बसणार का. आम्ही ‘पहिला तास वेगळा, दुसरा एकत्र’ म्हणालो, आणि सही झाली.

४. प्रश्नपेटी

गटाचे खरे काम इथे सुरू होते. सभागृहात ‘काही शंका?’ असे विचारल्यावर कोणी हात वर करत नाही. चिठ्ठी मात्र टाकतात. फक्त पेटी कुठे ठेवता यावर सगळे अवलंबून आहे. आमची पहिली पेटी, चांगली रंगवलेली, प्राचार्यांच्या दालनाबाहेर ठेवली होती, आणि तिच्या बरोबर वर सीसीटीव्ही कॅमेरा होता. तीन आठवड्यांनी उघडली तर आत एक बसचे तिकीट आणि ‘कॅन्टीनचा वडापाव सुधारा’ अशी चिठ्ठी निघाली. मग दोन साध्या पुठ्ठ्याच्या पेट्या केल्या. एक मुलींच्या कॉमन रूममध्ये आणि एक वाहनतळाच्या कोपऱ्यात, जिथे हेल्मेट काढताना हात सहज पोहोचतो. पहिल्याच आठवड्यात एकेचाळीस चिठ्ठ्या आल्या.

त्यातल्या निम्म्यांहून अधिक एचआयव्हीविषयी नव्हत्या, हे आधीच सांगून ठेवते. पाळी दोन महिने चुकली, अंगावरून पांढरे जाते, हस्तमैथुनाने कमजोरी येते का, गर्भनिरोधकाची ‘ती’ गोळी किती वेळात घ्यायची, मित्राला मुले आवडतात आणि तो जीव द्यायचे बोलतो. एका चिठ्ठीवर फक्त ‘खाज’ एवढा एकच शब्द होता आणि कागद आठ वेळा दुमडलेला होता.

उत्तरे देण्याची आमची पद्धत अशी आहे. चिठ्ठ्या दोन जणांनी एकत्र उघडायच्या. अक्षर ओळखीचे वाटले, तरी तसे म्हणायचे नाही. सर्वसाधारण माहितीचे उत्तर डॉक्टर किंवा समुपदेशकांकडून तपासून घेऊन सूचनाफलकावर लावायचे. लक्षण, औषध किंवा मात्रा विचारली असेल, तर आपण उत्तर द्यायचे नाही, कुठे जायचे ते सांगायचे: लैंगिक आजारांसाठी सरकारी रुग्णालयातील ‘सुरक्षा क्लिनिक’, किशोरवयीनांसाठी ‘मैत्री’ केंद्र, आणि कुठेच जायचे धाडस नसेल तर १०९७ ही राष्ट्रीय मोफत मदतवाहिनी, जिथे मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक छापण्याआधी गटातल्या प्रत्येकाने एकदा तरी स्वतः लावून पाहावा. आपण न लावलेला फोन दुसऱ्याला लावायला सांगताना आवाज वेगळा येतो.

एक गोष्ट मात्र फलकावर कायम ठेवा: लैंगिक अत्याचार झाला असेल, तर एचआयव्ही रोखणारी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी, सुरू करावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. यासाठी थेट रुग्णालय गाठायचे, चिठ्ठी टाकून उत्तराची वाट पाहायची नाही.

५. गुप्ततेचे वचन देताना

‘तू मला काहीही सांग, मी कोणाला सांगणार नाही’ हे वाक्य गटातल्या कोणीही उच्चारू नये. एचआयव्हीविषयीची माहिती तुम्ही गुप्त राखलीच पाहिजे, अगदी गटाच्या व्हॉट्सॲपवरही नावाशिवाय, वर्गाशिवाय आणि गावाशिवायच बोलले पाहिजे. पण अठरा वर्षांखालील मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. या कायद्यात अठराच्या खालची संमती ग्राह्य नाही, म्हणजे बारावीतल्या दोघांचे ‘प्रेमप्रकरण’ही यात येऊ शकते. म्हणून बोलणे सुरू होण्याआधीच ही मर्यादा सांगायची. समोरचा मग काय सांगायचे ते स्वतः ठरवतो. असा प्रसंग आलाच तर एकट्याने काही करू नका, त्याच दिवशी जबाबदार प्राध्यापकांकडे जा. १०९८ ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे.

६. आवाराबाहेर जाताना

चौकात पथनाट्य करायचे तर त्या भागातील पोलीस ठाण्यात आठवडाभर आधी अर्ज द्या, पोच घ्या, आणि महापालिकेच्या उद्यानात किंवा मैदानात करायचे असेल तर तिथलीही परवानगी लागते. शहरात जमावबंदीचे आदेश अधूनमधून लागू असतात, सण आणि कुंभमेळ्याच्या तयारीच्या काळात तर विशेष, तेव्हा आदल्या दिवशी पुन्हा फोन करून खात्री करा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या दाराशी पाळी सुटताना थांबणारा माणूस दहा मिनिटेही थांबत नाही. तिथे नाटक नको. हातात मावणारे पत्रक, निरोधची पाकिटे आणि तपासणी केंद्राची वेळ एवढेच पुरे. पाकिटे उघड्या खोक्यात ठेवून आपण दोन पावले बाजूला उभे राहावे. हातात द्यायला गेलो की लोक मागे सरतात, हे आम्हाला तिसऱ्या खेपेला उमगले.

ग्रामीण शिबिराच्या बाबतीत आमची मोठी फजिती झाली. हिवाळ्यात पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर सात दिवसांचे शिबिर ठेवले, ‘युवकांसाठी’ सत्रे आखली, आणि पाड्यावर म्हातारी माणसे आणि लहान पोरे तेवढी भेटली. तरुण जोडपी ‘जगायला’ गेली होती, म्हणजे दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला. पावसाळ्यानंतर छाटणी सुरू झाली की ती खाली उतरतात आणि माल निघेपर्यंत बरीचशी तिकडेच राहतात. त्यांना भेटायचे तर बागेवरच्या खोल्यांत, संध्याकाळी, चुली पेटायच्या वेळेला जावे लागते, आणि मालकाशी आधी बोलावे लागते. भाषेचेही तसेच. सुरगाण्याकडे तिथल्या आदिवासींच्या कोकणी (कोकणा) बोलीत आणि कळवण-बागलाणकडे अहिराणीत बोलणारा एक जरी सभासद सोबत असला, तर प्रश्न येतात. आमच्या पुस्तकी मराठीला नुसत्या माना डोलावल्या जातात.

७. मागणी मांडायला शिका

जाणीवजागृती करणारे गट पुष्कळ आहेत, मागणी करणारे कमी. शहरातील एका केंद्राची वेळ नेमकी आमच्या तासिकांची होती आणि खिडकीवरचा माणूस ‘कशासाठी आला?’ असे साऱ्या रांगेला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारत असे. आम्ही वर्षभर याबद्दल एकमेकांत कुरकुर केली. मग दोन आठवडे नोंद ठेवली: कोण, कोणत्या वेळी गेले, का परत आले, नावे नाहीत, फक्त तारीख, वेळ आणि कारण. ते एक पान आणि दोन मागण्या घेऊन अधिकाऱ्यांना भेटलो. खिडकीवर ‘येथे कारण विचारले जाणार नाही’ अशी पाटी लागली. दुपारच्या वेळेची मागणी मंजूर झाली नाही, पण सत्रात एकदा महाविद्यालयातच तपासणी शिबिर मिळाले. दोन मागण्यांत एक पूर्ण आणि दुसरी अर्धीमुर्धी. एवढे मिळाले तरी नवीन गटाने समाधान मानावे असे मला वाटते.

कायदा वाचून जा. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) कायदा, २०१७ हा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. शिक्षण, नोकरी, उपचार, भाड्याचे घर यांत एचआयव्हीच्या कारणावरून भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे, संमतीशिवाय तपासणी करता येत नाही आणि संमतीशिवाय कोणाची स्थिती उघड करता येत नाही. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत, आणि आरोग्यसंस्था असेल तर वीस किंवा अधिक असल्यास, तक्रार अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या महाविद्यालयात तो कोण आहे, हे विचारून पाहा. ही पहिली मागणी म्हणून उत्तम आहे, कारण तिला खर्च लागत नाही.

तोंडी उत्तर मिळत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. साध्या कागदावर विहित नमुन्यात अर्ज, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच आणि मजकूर १५० शब्दांच्या आत, हे आपल्या राज्याचे नियम आहेत. समुपदेशकांची मंजूर पदे किती, रिक्त किती, कधीपासून; निरोधचा साठा महिनावार किती आला आणि किती वाटला, असे आकड्यांचे प्रश्न विचारा. ‘का’ विचारू नका, ‘का’ला उत्तर येत नाही. रुग्णांविषयीची कोणतीही वैयक्तिक माहिती चुकूनही मागू नका. तीस दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिले अपील करता येते.

एचआयव्हीसह जगणाऱ्या कोणी मदत मागितलीच, तर संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि मुलांसाठी बालसंगोपन योजना या दोन्हींची पात्रता तहसील आणि महिला व बालविकास कार्यालयात विचारून ठेवा. अर्ज त्या व्यक्तीने स्वतः भरायचा, आपण फक्त सोबत रांगेत उभे राहायचे, आणि रांगेत आजाराचे नाव घ्यायचे नाही.

८. परीक्षेआधी हवाली करा

तृतीय वर्षाची मुले मार्चमध्ये निघून जातात आणि गट जूनमध्ये पुन्हा शून्यावर येतो. म्हणून फेब्रुवारीतच पुढच्या दोघांना आवक-जावकची वही, पोचांची फाइल, समुपदेशकांशी प्रत्यक्ष ओळख आणि रुग्णालयाचा तो हाताने काढलेला नकाशा द्या. खोली बदलली असेल तर नकाशा नव्याने काढा. उत्तरे देऊन झालेल्या चिठ्ठ्या फाडून टाका, साठवू नका. दोन्ही पेट्यांच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, ते वहीच्या पहिल्या पानावर पेनने लिहा. आमची वाहनतळातली पेटी एका उन्हाळ्यात कुलूपबंद राहिली होती आणि जुलैमध्ये कुलूप तोडले तेव्हा आत सव्वीस चिठ्ठ्या होत्या, त्यातली एक ७२ तासांबद्दल विचारणारी.